डोकं खाजतंय? पुढचा शाम्पू आणण्याआधी एवढं करा

नोकरीतल्या बदलीने किंवा शिक्षणासाठी जयपूरला येऊन मालवीय नगर, जगतपुरा, दुर्गापुरा भागांत राहिलेल्या मराठी घरांतून दर हिवाळ्यात तेच प्रश्न येतात. "इथे आल्यापासून डोकं सारखं खाजतं. काळ्या स्वेटरच्या खांद्यावर पांढरा भुगा दिसतो. इथलं पाणी खराब आहे का? तेल लावू की बंद करू? चार शाम्पू झाले, आता कोणता आणू?"

पाचवा शाम्पू आणू नका. आधी खाज कशाची आहे ते ठरवा. डोक्यावरून पांढरं काही पडलं की आपण सरसकट 'कोंडा' म्हणतो, पण त्या एका शब्दाखाली किमान पाच-सहा वेगळे त्रास असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. नुसत्या कोरड्या त्वचेला औषधी शाम्पू आणखी कोरडं करतो. कोंड्याच्या बुरशीला रात्रभर मुरवलेलं तेल खाद्य पुरवतं. नायट्यावर स्टेरॉइडचं मलम लावलं तर चार दिवस बरं वाटतं आणि मग तो दुप्पट पसरतो.

आधी उजेडात डोकं तपासा

हे एकट्याने, बाथरूमच्या आरशात जमत नाही. सकाळच्या उन्हात गच्चीवर किंवा खिडकीशी बसा आणि घरातल्या कुणाला तरी मागे बसवा. केस कोरडे हवेत आणि तेल लावलेलं नको. फणीच्या टोकाने बोटभर अंतरावर भांग पाडत कानामागून मानेपर्यंत, मग माथ्यावर यायचं.

माझी थोरली बहीण मालवीय नगरात राहते. गेल्या जानेवारीत ती तीन महिने कोंड्याचे शाम्पू वापरून थकली होती. गच्चीवर तिच्या मागे बसून मी भांग पाडला, तर पांढरे कण कातडीवर नव्हतेच. कानामागे, मुळापासून थोड्या अंतरावर एकेका केसाला ते चिकटलेले होते. बोटाने सरकवले तर सरकेनात. एक कण दोन नखांत धरून दाबला आणि 'टिच्' असा आवाज आला. लिखा होत्या त्या, भाचीच्या शाळेतून घरात आलेल्या. तीन महिन्यांचे शाम्पू फुकट गेले होते आणि तिची झोप गेली होती ती वेगळीच.

तपासताना हे बघा:

- बारीक, कोरडे, पांढरे कण. डोक्याची त्वचा ताणल्यासारखी वाटते आणि हात-पाय, गालही फुटलेले असतात. हा बहुधा निव्वळ कोरडेपणा.
- पिवळट, तेलकट, चिकट पोपडे आणि खाली लाली. भुवयांत, नाकाच्या कडांना, कानामागे, दाढीतही तसंच असेल तर हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याचाच जोरकस प्रकार.
- जाड, चंदेरी थर, कडा स्पष्ट. केसांची रेषा ओलांडून कपाळावर आलेला, कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. सोरायसिसची शंका घ्या.
- गोल चट्टा, त्यातले केस तुटलेले किंवा काळ्या ठिपक्यांसारखे उरलेले. विशेषतः मुलांत. हा नायटा असू शकतो.
- केसाला घट्ट चिकटलेले कण. लिखा.
- रंग लावल्यावर एक-दोन दिवसांत उठलेली खाज. सोबत कपाळ, कान, मान लाल होतात, पापण्या सुजतात. डायची ॲलर्जी.

पहिले दोन प्रकार घरी हाताळता येतात. लिखाही येतात. बाकीचे डॉक्टरांकडे न्यायचे.

इथल्या पाण्याचा दोष किती?

थोडा आहे, पण आपण देतो तेवढा नाही. टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणाचं पाणी नळाला येतं, आणि ते पुरलं नाही की सोसायटीचं बोअरवेल किंवा टँकर. बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. त्यात शाम्पूला फेस कमी येतो, म्हणून आपण जास्त ओततो, आणि मग तो नीट निघत नाही. केसांत उरलेल्या थराने खाज वाढते. पण जड पाण्याने कोंडा 'होत' नाही. त्याचं कारण मॅलासेझिया नावाची बुरशी. ती जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असते आणि त्वचेच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही, त्यांना कोंडा होतो. पुण्यात, कोकणात असतानाही ती तुमच्या डोक्यावर होतीच. इथल्या थंडीने, कोरड्या हवेने आणि गीझरच्या कढत पाण्याने तिला जोर आला.

म्हणून कढत पाणी डोक्यावर घेऊ नका, कोमट घ्या. शाम्पू लावताना बोअरचं पाणी असेल तर निदान शेवटचे दोन-तीन तांबे नळाच्या, भरून ठेवलेल्या पाण्याचे घ्या. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून काहीजण न्हाण्याला वापरतात. त्यात क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला ठेवा.

निव्वळ कोरडेपणा असेल तर एवढ्यावर आणि साध्या, सौम्य शाम्पूने दोन आठवड्यांत फरक पडतो. आठवड्यातून दोनदाच न्हा. न्हाण्याआधी अर्धा-पाऊण तास थोडं खोबरेल चालेल.

कोंडा असेल तर शाम्पू औषधासारखा वापरा

बहुतेक वाचक इथेच चुकतात. औषधी शाम्पू आणतात, एक फेस काढतात, लगेच धुतात आणि आठवड्याने "काही फरक नाही" म्हणून बाटली कपाटात टाकतात. औषधाला त्वचेवर थांबायला वेळच मिळालेला नसतो.

पद्धत अशी:

१. केसांत तेल किंवा धूळ असेल तर आधी साध्या शाम्पूने एकदा धुवून घ्या.

२. औषधी शाम्पू तळहातावर घेऊन केसांच्या लांबीला नाही, मुळांशी, त्वचेवर बोटांच्या पेरांनी लावा. नखांनी खरवडू नका. खरवडलेल्या जागी जखम होते आणि तिथे पू धरतो.

३. तीन ते पाच मिनिटं तसंच राहू द्या. घड्याळ लावा, अंदाजाने नको, कारण अंदाजाची पाच मिनिटं बहुतेकदा एका मिनिटात संपतात. तोवर बाकीची आंघोळ उरका.

४. भरपूर पाण्याने धुवा. कानामागे आणि मानेवर फेस राहतो, तिथे लक्ष द्या.

५. आठवड्यातून दोनदा, सलग दोन ते चार आठवडे. उतार पडल्यावर दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा. लगेच बंद केलात तर कोंडा परत येतो. तो कायमचा जात नाही, ताब्यात राहतो.

बाटलीवर ब्रँडचं नाव वाचण्याआधी घटक वाचा. केटोकोनाझोल २ टक्के हा सगळ्यात भरवशाचा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. झिंक पायरिथिऑन सौम्य आहे, हलक्या कोंड्याला पुरतं. सेलेनियम सल्फाइड प्रभावी आहे, पण रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांवर त्याची छटा येऊ शकते, आणि अंगावर चांदीचे दागिने असतील तर काढून ठेवा. सॅलिसिलिक ॲसिड आणि कोल टार जाड पोपडे सुटायला मदत करतात. कोल टारनेही पांढरे केस पिवळट दिसतात, म्हणून आजी-आजोबांसाठी ते टाळलेलं बरं.

चार आठवडे नीट वापरून फरक नसेल तर दुसरा घटक घ्या. दुसऱ्याही घटकाचे चार आठवडे गेले आणि तसंच असेल तर तिसरी बाटली नको, डॉक्टर हवा.

दुचाकीवर हेल्मेट घालणाऱ्यांसाठी एक जोड. आतलं अस्तर सुटं होत असेल तर आठवड्याला धुवा, ओल्या केसांवर हेल्मेट चढवू नका, आणि भाड्याच्या दुचाकीवर दुसऱ्याचं हेल्मेट घालायची वेळ आली तर डोक्याला सुती रुमाल बांधा. कोंडा हेल्मेटमधून लागत नाही. उवा आणि नायटा लागू शकतात.

तेल, लिंबू आणि आजीचे उपाय

तेलाच्या बाबतीत आपलं मन दुखावतं, कारण शनिवारचं तेल आणि दिवाळीचं अभ्यंग हे आपल्याला डोक्याच्या औषधापेक्षा मायेच्या हाताशी जोडलेलं असतं. ते सोडा असं मी म्हणत नाही. तेलकट पोपड्यांचा कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका एवढंच. न्हाण्याआधी तासभर लावलं तर पोपडे मऊ होऊन सुटतात, मग औषधी शाम्पूने ते पूर्ण काढा. शेजारणी सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल सुचवतील. चुरचुरलं तर थांबा.

कच्चं लिंबू चोळू नका. खाजवून सोललेल्या त्वचेवर ते झोंबतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर जयपूरचं ऊन पडलं तर डाग पडतात, कधी फोड येतात. खायचा सोडा, कापूर मिसळलेलं तेल, बारीक मीठ हे सगळं याच यादीत. उवांसाठी रॉकेल लावायची जुनी पद्धत तर धोक्याची आहे, ती कुणी सुचवली तरी नको. रिठा-शिकेकाईने केस स्वच्छ होतात, पण बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नका.

आयुर्वेदात कोंड्याला 'दारुणक' म्हणतात. त्या वाटेने जायचं असेल तर जयपुरात आमेर रोडवर राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. पण घटक न लिहिलेल्या, लेबल नसलेल्या बाटलीतलं 'जुन्या नुस्ख्याचं' तेल घेऊ नका.

मेंदी हिरवी की काळी

राजस्थानात पाली जिल्ह्यातलं सोजत हे मेंदीचं मोठं केंद्र, त्यामुळे चांगली मेंदी इथे सहज मिळते. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा चढतो. 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी तासाभरात केस काळे करते, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं, जे डायमध्येही असतं. याची ॲलर्जी एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढच्या वेळी आणखी तीव्र होते.

नवीन डाय किंवा नवीन पुडी वापरण्याआधी थोडा लेप कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास थांबा. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा डाय लावणारे मी पाहिले आहेत, आणि मांडवात सुजलेल्या पापण्यांनी बसलेलेही. खाज, सूज, पाणी सुटणं यांपैकी काहीही झालं तर पुडीचं पाकीट जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, आणि तो रंग पुन्हा लावू नका. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट आपत्कालीन विभागात जा.

मुलांचं डोकं

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पिवळट, मेणासारखी खपली येते. बाळाला त्याचा त्रास नसतो आणि पहिल्या वर्षात ती बहुतेक आपोआप जाते. टाळू भरताना तेल लावतोच, ते अर्ध्या तासाने मऊ ब्रशने हळू फिरवून बाळाच्या शाम्पूने धुवा. नखाने खपली उचकटू नका. मोठ्यांचा औषधी शाम्पू बाळाला नको.

शाळकरी मुलाच्या डोक्यात गोल टक्कल, तुटके केस दिसले तर वेळ घालवू नका. डोक्याचा नायटा नुसत्या शाम्पूने किंवा मलमाने बरा होत नाही, त्याला पोटात घ्यायचं औषध काही आठवडे लागतं. शाम्पूने इतरांना लागण्याचा धोका कमी होतो इतकंच. तो मऊ गाठीसारखा फुगला, पू आला, मानेच्या गाठी वाढल्या तर त्याच दिवशी दाखवा, नाहीतर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. घरातल्या मांजराला, कुत्र्याला कुठे टक्कल पडलंय का तेही बघा.

उवांना १ टक्का परमेथ्रिनचं लोशन धुतलेल्या, ओलसर केसांना दहा मिनिटं लावून धुवायचं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा. दुसरी वेळ चुकवली की उरलेल्या लिखांतून नवी पिढी येते. पहिल्या वेळेपासून दोन आठवडे ओल्या केसांतून दर दोन-तीन दिवसांनी बारीक फणी फिरवा. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. आणि मुलीला रागावू नका. उवा घाणीने होत नाहीत, डोक्याला डोकं लागून होतात.

औषधाच्या दुकानात काय म्हणाल?

सत्कार शॉपिंग सेंटर असो की गौरव टॉवरच्या आसपासची दुकानं, काउंटरवर संवाद हिंदीत होणार, आणि इथे शब्द फसवतात. कोंड्याला 'रूसी' म्हणतात. नायट्याला 'दाद', जी आपल्याकडे गाण्याला देतात. उवा म्हणजे 'जूँ', लिखा म्हणजे 'लीख', खपली म्हणजे 'पपड़ी'. "सिर में खुजली है" एवढंच सांगितलंत तर हातात काहीही पडू शकतं. घटकाचं नाव कागदावर लिहून न्या.

'दाद-खाज'साठी म्हणून दिलं जाणारं मिश्र मलम घेऊ नका. त्यात क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमं 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल या गैरवापराविरुद्ध कितीतरी वर्षं बोलते आहे. सोरायसिसला डॉक्टर स्टेरॉइडचं लोशन देतात, ते योग्यच आहे, पण किती दिवस लावायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या. जुनी बाटली घरात दुसऱ्या कुणी वापरू नये.

बिल मागा. त्यावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत हवी. जवळ जनऔषधी केंद्र असेल तर केटोकोनाझोल आहे का विचारा, किमतीत बराच फरक पडतो.

डॉक्टर कोणता, आणि कुठे

नावापुढे एमडी (त्वचारोग), डीएनबी किंवा त्वचारोगाची पदविका आहे का बघा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. 'हेअर एक्स्पर्ट', 'ट्रायकॉलॉजिस्ट' एवढ्याच पाटीवर जाऊ नका.

खर्च झेपत नसेल तर सवाई मानसिंह रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, मालवीय नगरातून जवाहरलाल नेहरू मार्गाने सरळ शहराकडे. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत यादीतली औषधं मोफत मिळतात. ओळखपत्र आणि असेल तर राज्याचं जन आधार कार्ड सोबत न्या. गर्दी असते, सकाळी लवकर पोचा.

जाण्याआधी तीन-चार दिवस औषधी शाम्पू आणि तेल बंद ठेवा. वापरलेल्या सगळ्या बाटल्यांचे फोटो काढून न्या. नायट्याची शंका असेल तर डॉक्टर थोडी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ही तपासणी स्वस्त आणि झटपट आहे, सुचवली तर नाही म्हणू नका. खूप तीव्र, सारखा उलटणारा सेबोऱ्हिक डर्मटायटिस कधी प्रतिकारशक्ती कमी झाल्याची खूण असतो. त्यासाठी रक्ततपासणी सांगितली तर घाबरू किंवा लाजू नका.

पॅकेज पुढे केलं तर

"कोंड्याने टक्कल पडेल, आजच सहा बैठकांचं पॅकेज घ्या." हे वाक्य ऐकलं की उठा. कोंड्याला पीआरपीची इंजेक्शनं लागत नाहीत, 'डिटॉक्स' आणि 'हेअर स्पा'ही लागत नाहीत. खाजवून केस थोडे गळतात, ते कोंडा आटोक्यात आल्यावर परत येतात. तुमचे हक्क असे:

- निदान काय आहे ते लेखी मागता येतं, दुसरं मत घेता येतं.
- उपचाराच्या नोंदी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायच्या असतात.
- पैसे भरले आणि फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.
- ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पावती, जाहिरातीचा फोटो, मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा.

उतार पडल्यावर

दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की, खाज नसली तरी, औषधी शाम्पू आठवड्यातून एकदा सुरू करा आणि होळीपर्यंत चालू ठेवा. धुळवडीला, म्हणजे इथल्या धुलंडीला, बाहेर पडण्याआधी केसांना आणि कानामागे तेल लावा. त्या दिवशी ते हवंच, रंग त्वचेवर बसत नाही. परत आल्यावर आधी कोरडा रंग झटका, मग साध्या शाम्पूने कोमट पाण्यात दोनदा धुवा. डोकं चुरचुरत असेल तर औषधी शाम्पू त्या दिवशी नको, दोन दिवसांनी घ्या.